जनसुरक्षा विधेयकावर हरकत पाठवायची आहे पण घरचे घाबरलेत, काय करू? (मार्च २०२५ मधली चर्चा)

केळीचं_रान (रावेर)

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, घरी केळी आहे, मी गावातच पोरांचे क्लासेस घेते. ते महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आहे ना २०२४ चं, जुलैच्या अधिवेशनात एकदा मांडलं, मग निवडणुका झाल्या, डिसेंबरात नागपूरला परत मांडलं, ते आता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे आहे, महसूलमंत्री बावनकुळे अध्यक्ष आहेत. समितीने लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्यात आणि शेवटची तारीख १ एप्रिल २०२५ आहे. पंधरा दिवस पण राहिले नाहीत आणि आमच्या गावात विचारलं तर शंभरातल्या दोघांना पण माहीत नाही की असं काही मागवलंय.

मला हरकत पाठवायचीय. मी मसुदा दोनदा वाचला, अजून सगळं कळलंय असं नाही. पण आप्पा (माझे वडील) सही करू देत नाहीत. म्हणतात कागदावर नाव गेलं की ते कायमचं गेलं.

त्यांचं पण चुकत नाही म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी फळपीक विम्याचे पैसे अडकले होते, वारं येऊन अख्खा बाग आडवा झालेला, घड कापायच्या लायक पण राहिले नव्हते, अर्ज करून करून थकलो आणि मग सगळे रस्त्यावर बसले. ट्रॅक्टर आडवे लावले. मी पण होते. मध्ये एक अँब्युलन्स आली तर आमच्याच पोरांनी धावत जाऊन दोन ट्रॅक्टर मागे घेतले आणि वाट करून दिली. संध्याकाळी १७ जणांना ठाण्यात नेलं, आवारात निंबाच्या झाडाखाली बसवलं, एकेकाला बोलवून नाव, बापाचं नाव, गाव, मोबाईल नंबर लिहून घेतला. मारहाण नाही झाली, रात्री सोडलं. पण तेव्हापासून कुणी मंत्री जिल्ह्यात येणार असला की आदल्या रात्री आप्पांना फोन येतो, उद्या घरीच आहात ना म्हणून. आप्पा हो साहेब घरीच आहे म्हणतात आणि त्या दिवशी मळ्यात पण जात नाहीत. ६१ वर्षांचा माणूस, आयुष्यात कुणाचा बांध कोरला नाही.

तर माझे प्रश्न, १) हा कायदा नक्षलवाद्यांसाठी आहे म्हणतात, मग आमच्यासारख्यांना लागू होऊ शकतो का? २) हरकत पाठवली म्हणून काही त्रास होऊ शकतो का? ३) लिहायचं काय नेमकं? कृपया माहिती असेल त्यांनीच सांगा, पक्षाची भांडणं नकोत.

धुळे_वकील

ताई आधी दुसरा प्रश्न. हरकत समितीने स्वतःहून मागवली आहे, ती पाठवणं हा तुमचा अधिकार आहे, त्यात गुन्हा नाही, आप्पांना बिनधास्त सांगा. मी धुळ्यात प्रॅक्टिस करतो, माझी कालच पाठवून झाली.

आता पहिला. विधेयकाच्या उद्देशात नक्षलवाद लिहिलाय, शहरी भागातल्या आघाडीच्या (म्हणजे नक्षलवाद्यांना आतून मदत करणाऱ्या) संघटना वगैरे, आणि छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा या चार राज्यांत असे कायदे आहेत आणि तिथे ४८ संघटनांवर बंदी घातली असा हवाला आहे. पण कोर्टात उद्देश चालत नाही, व्याख्या चालते. आणि कलम २ मध्ये बेकायदेशीर कृत्याची जी व्याख्या आहे ती वाचली तर तिच्यात नक्षल शब्द कुठेच नाही. शस्त्र किंवा बॉम्ब असायलाच पाहिजे असंही नाही, ते प्रकार वेगळ्या पोटकलमात आहेत आणि त्याच्या बरोबरीने हे पण आहे की सार्वजनिक सुव्यवस्थेत हस्तक्षेप करणारं किंवा तसा कल असणारं कृत्य, कायद्याच्या प्रशासनात आणि त्याच्या माणसांच्या कामात अडथळा आणणारं किंवा तसा कल असणारं कृत्य, प्रस्थापित कायदा पाळू नका असं सांगणं. हे बोलून केलं, लिहून केलं, खुणेने, चित्राने केलं तरी त्यात येतं. माझं सगळं भांडण त्या 'कल असणारं' शब्दाशी आहे. तुमचा ट्रॅक्टर रस्त्यावर उभा होता, त्याचा कल कुठे होता हे ठरवणार कोण? ठाण्यातला अंमलदार.

शिक्षा पण बघा. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचा सदस्य असणं, बैठकीला जाणं, वर्गणी देणं, ३ वर्षांपर्यंत आणि ३ लाख दंड. सदस्य नसताना मदत केली, आसरा दिला तर २ वर्षं आणि २ लाख. बेकायदेशीर कृत्य केलं तर ७ वर्षं आणि ५ लाख. सगळे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे वॉरंटशिवाय अटक आणि जामीन कोर्टाच्या मर्जीवर.

संघटना बेकायदेशीर आहे हे सरकार जाहीर करणार, मग ते सल्लागार मंडळाकडे जाणार. मंडळावर कोण, तर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले, असून गेलेले, किंवा व्हायला पात्र असलेले तीन लोक. पात्र म्हणजे काय तर हायकोर्टात दहा वर्षं वकिली केलेला कोणीही. सरकारच्या मर्जीतले तीन वकील बसवले तरी कायद्यात बसतं. बंदीच्या आदेशाला खालच्या कोर्टात आव्हान नाही, थेट हायकोर्ट. रावेरच्या माणसाने औरंगाबाद खंडपीठात जायचं, दोन दिवस मोडायचे, वकिलाची फी वेगळी.

मोघम शब्दांनी काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने फक्त लाईक केलं होतं. तेव्हा आयटी कायद्यात ६६-अ होतं, त्यात 'त्रास होईल', 'गैरसोय होईल' असले शब्द. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ते कलमच रद्द केलं, कारण त्या शब्दांना काही हद्दच नव्हती, कोण कधी अडकेल सांगता येत नव्हतं. त्याला बरोबर दहा वर्षं होताहेत आणि आपण परत तसलेच शब्द लिहून काढतोय, त्यात परत ७ वर्षांची शिक्षा घालतोय.

तिसऱ्या प्रश्नाचं रात्री लिहितो, कोर्टात जायचंय.

जवानाचा_भाऊ

मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका ताई. माझा मोठा भाऊ एसआरपीत (राज्य राखीव पोलीस दलात) आहे, धुळ्याचा गट ६. गडचिरोलीत बंदोबस्ताला तीन वेळा जाऊन आला. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याला भूसुरुंग लावून गाडी उडवली, १५ जवान आणि त्यांचा ड्रायव्हर जागेवर गेले, महाराष्ट्र दिन होता. त्या दिवशी भावाचा फोन चार तास लागत नव्हता, आई देव्हाऱ्यासमोर बसून होती, पाणी पण प्यायली नाही. तो तिथे नव्हता, दुसऱ्या कॅम्पला होता, पण ते चार तास आम्ही काढलेत.

जंगलात बंदूक घेऊन फिरणाऱ्याला गोळ्या, औषधं, पैसे, माणसं कुठून जातात? गावातून नाही जात, शहरातून जातात, नाव काहीतरी सांस्कृतिक मंच आणि आतून काम वेगळं. त्यांना पकडायला कायदा नको का? बाकी चार राज्यांत आहे तर आपल्याकडेच का नको? उद्या परत कुठे स्फोट झाला तर हेच लोक विचारतील पोलीस काय करत होते. मला वाटतं ज्याने काही केलं नाही त्याने घाबरायचं कारण नाही.

धुळे_वकील

दादा तुमच्या भावाला आणि आईंना मनापासून नमस्कार. तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणारच नाही. पण माओवादी पक्षावर २००९ पासून यूएपीएखाली (केंद्राचा बेकायदेशीर कृत्यं रोखणारा कायदा) बंदी आहे, त्यांना पैसा पुरवणं, माणसं पुरवणं, आसरा देणं हे आजही गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा या विधेयकापेक्षा जास्त आहे. मोक्का, म्हणजे राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, १९९९ पासून आहे. गोळ्या पुरवणारा पकडायला नवीन कायद्याची वाट बघायची गरज नाही.

आणि छत्तीसगडचं तुम्ही म्हणालात म्हणून. तिथे २००५ चा कायदा आहे, आपलं विधेयक बरंचसं त्याच धर्तीवर आहे. त्या कायद्याखाली २००७ च्या मे महिन्यात डॉ. बिनायक सेन यांना अटक झाली, लहान मुलांचे डॉक्टर, आदिवासी भागात दवाखाना चालवायचे. जामीन मिळाला २००९ च्या मे महिन्यात, तोही सुप्रीम कोर्टातून. देशभर नाव असलेला माणूस, तरी दोन वर्षं. तुमच्या आमच्या तालुक्यातल्या माणसाला किती लागतील?

तुम्हाला खरंच कायदा हवा असेल तर तुम्ही पण समितीला लिहा ना, की व्याख्येत सशस्त्र संघटना आणि हिंसा हे शब्द घाला आणि बाकीचं काढा. तसा कायदा आला तर मी विरोध करणार नाही.

अस्तंबा_पोर (धडगाव)

होळी उरकून आत्ता रेंजमध्ये आलो म्हणून उशिरा लिहितो. माझं मराठी पावरी वळणाचं आहे, सांभाळून घ्या.

'प्रस्थापित कायदा पाळू नका असं सांगणं' हे वकील साहेबांनी लिहिलं त्यावर माझं घरचं सांगतो. आमच्या घरात आढ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असायची, चुलीचा धूर लागून काळपट पिवळी झालेली. लहानपणी मला वाटायचं आत पैसे आहेत. आत वनखात्याच्या दंडाच्या पावत्या होत्या. माझा बाप डोंगरउतारावर तीन एकर जमीन खेडायचा (कसायचा), त्याचा बाप पण तीच खेडायचा, पण कागदावर ती जंगलखात्याची, म्हणून दर दोनतीन वर्षांनी गार्ड यायचा, नांगर उचलून न्यायचा, दंड लावायचा, पावती द्यायचा. एक पावती १९८८ ची आहे, ४० रुपये, तेव्हा माझ्या बापाची आठवडाभराची मजुरी तेवढी होत नव्हती. बापाला वाचता येत नाही. तरी एकही पावती फेकली नाही कारण संघटनेचे कार्यकर्ते सांगून गेले होते की दंड भरा पण पावती घ्या, आणि जमीन सोडू नका, पुढच्या पावसाळ्यात परत पेरा.

आता हे बघा, परत पेरा असं सांगणं म्हणजे त्या वेळच्या कायद्याने कायदा मोडायलाच सांगणं होतं. आणि गावातल्या प्रत्येक घरातून वर्षाला दोन रुपये आणि पायलीभर ज्वारी जायची संघटनेला, ती पण वर्गणीच.

मग २००६ ला वनहक्क कायदा आला. दाव्याला पुरावा मागितला की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे हे दाखवा. आमच्याकडे सातबारा कुठला असणार. बापाने आढ्यावरची पिशवी काढली. त्याच पावत्या पुरावा झाल्या. ज्या कागदावर तो गुन्हेगार होता त्याच कागदावर त्याला पट्टा मिळाला. आणि त्या कायद्याच्या सुरुवातीलाच संसदेने लिहिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला.

मी एवढंच विचारतो, की १९८८ ला हे जनसुरक्षा असतं तर परत पेरा सांगणारे ते कार्यकर्ते आत गेले असते, ज्वारी देणारा माझा बाप पण गेला असता, पावती ठेवायला सांगणारंच कोणी उरलं नसतं, मग २००६ चा कायदा येऊन आम्हाला काय मिळालं असतं? चुकीचा कायदा चुकीचा आहे हे तो मोडणाऱ्यांनीच दाखवून दिलं ना?

आणि जवान दादांना, आमच्या डोंगरात पण पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, पहाटे रस्त्यावर पळतात, मी पण दोनदा ग्राउंड दिलं. आम्ही बंदुकीच्या बाजूचे नाही. पण आदिवासी आणि मोर्चा एकत्र दिसला की लोक लगेच नक्षल शब्द लावतात. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेले शेतकरी, आमच्याकडचे पण होते, पायाची सालटी निघाली होती, मुंबईत पोरांची दहावीची परीक्षा होती म्हणून रात्री चालून मैदानात पोचले, तरी त्यांना शहरी माओवादी म्हणणारे निघालेच.

शिंदखेडा_१९९०

अरे सरळ विकासावर बोला ना, तापीचं पाणी, कापसाचा भाव. या कायद्याचं सामान्य माणसाला काय देणंघेणं.

केळीचं_रान (रावेर)

दादा कापसाला भाव मिळाला नाही तर तुम्ही काय करणार, रस्त्यावरच बसणार ना. बसलात की देणंघेणं सुरू झालं.

अमळनेरचे_नाना

पोरी, आप्पाले सांग, भ्यावू नका.

मी ७८ वर्षांचा आहे, नातू टाईप करून देतोय. आप्पांची भीती मला कळते कारण मी भुसावळचं प्रकरण जवळून पाहिलंय, रेल्वेत होतो तेव्हा. १९९४ साली बाबरीचा बदला घ्यायला प्रशिक्षण घेतलं म्हणून मुसलमान पोरांना टाडाखाली (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) धरलं. टाडा १९९५ ला संपला, कायदाच राहिला नाही, पण केस राहिली. नाशिकच्या विशेष कोर्टाने ११ जणांना निर्दोष सोडलं ते २०१९ च्या फेब्रुवारीत. २५ वर्षं. ज्याची तेव्हा मिसरूड फुटत होती तो निकालाच्या दिवशी आजोबा होता. आणि शेजारचं मालेगाव, २००६ च्या बॉम्बस्फोटात नऊ जण मोक्कात धरले, बहुतेक पाच वर्षं आत, २०१६ ला कोर्ट म्हणालं यांच्यावर केसच होत नाही. ज्याने काही केलं नाही त्याला भीती नाही असं जवानाच्या भावाने लिहिलंय, बाळा तू त्या घरांत जाऊन एकदा हे बोलून बघ. आणि त्या स्फोटात ज्यांची माणसं मेली त्यांना काय मिळालं? खरा माणूस सापडायचा वेळ खोट्या माणसाच्या मागे गेला.

दुसरं. १९३२ साली धुळ्याच्या जेलात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी खाली बसून लिहून घ्यायचे. दोघं तिथे कशासाठी होते, तर सरकारचा कायदा मोडला म्हणून. नंदुरबारचा शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२, पंधरा वर्षांचं पोर हातात झेंडा घेऊन, त्याच्यासोबत अजून चार पोरं गेली. मिरवणूक बेकायदेशीर होती म्हणूनच गोळी घातली. आज शाळेत त्यांचे फोटो आहेत. हे मी भाषणासाठी सांगत नाही, मला फक्त समितीतल्या खान्देशच्या आणि बाकीच्या आमदारांनी उत्तर द्यावं की तुमच्या कलम २ मध्ये हे लोक बसतात की नाही बसत. मी माझ्या हरकतीत हाच प्रश्न लिहिणार आहे.

जवानाचा_भाऊ

नाना तुम्ही मोठे आहात, उलट बोलणार नाही. मालेगावचं मला माहीत नव्हतं इतकं. कायदा हवा या माझ्या मताला मी धरून आहे, १६ जणांचे घरचे कुणाच्या डोळ्यासमोर नाहीत याचं मला वाईट वाटतं. पण पावतीचं वाचून रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला तिकडे पण अशाच पिशव्या असतात घरोघरी. मी समितीला लिहितो की कायदा करा, पण तपास फौजदाराच्या हातात देऊ नका, वरच्या अधिकाऱ्याकडे द्या, आणि हिंसेचा शब्द व्याख्येत घाला.

धुळे_वकील

दादा हे पाठवाच, कायदा हवा म्हणणाऱ्याने लिहिलेलं तर जास्त वाचलं जाईल.

ताई आता लिहायचं काय ते. लांब निबंध नको, एक पान पुरे. वर विधेयकाचं पूर्ण नाव आणि क्रमांक, खाली तुमचं नाव पत्ता, आणि कलमवार लिहा. कलम २ मधून 'कल असणारं' आणि 'कायदा न पाळण्यास प्रोत्साहन' हे काढा किंवा हिंसेशी जोडा. सल्लागार मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी माजी न्यायाधीशच हवेत, 'पात्र' शब्द काढा. वर्गणी आणि बैठक यासाठी शिक्षा देताना त्या माणसाला हिंसेची माहिती होती हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःच्या गावचं एक उदाहरण द्या. छापील मजकुरावर शंभर सह्या पाठवल्या तर ते एक पत्र मोजतील, शंभर जणांनी आपापलं लिहिलं तर शंभर मोजावी लागतील. पत्ता विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई.

काही होत नाही म्हणून बसू नका. २०१६ ला गृहखात्याने अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा आणला होता, शंभराच्या वर माणसं जमणार तर पोलिसांची परवानगी, असं काहीबाही त्यात होतं, इतकी टीका झाली की तो पुढे गेलाच नाही.

केळीचं_रान (रावेर)

सगळ्यांचे आभार, आज पाठवलं. कसं झालं ते सांगते.

काल रात्री जेवणं झाल्यावर मी आप्पांना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, वकील साहेबांचं पण आणि जवान दादांचं पण. जांभुळखेड्याचं आलं तेव्हा आई म्हणाली थांब जरा, आणि आत गेली. पिशवीचं वाचलं तेव्हा आप्पा काही बोलले नाहीत, बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले त्याच्या बापाला वाचता येत नव्हतं तरी पावती ठेवली त्याने.

मी चार मुद्दे लिहिले होते. उदाहरणात रास्ता रोको लिहिला, विम्याचं, बागेचं. आप्पा म्हणाले अँब्युलन्सचं लिही. मी म्हटलं त्याचा कायद्याशी काय संबंध. ते म्हणाले तू लिही, की आम्ही रस्ता अडवला होता हे खरं आहे आणि अँब्युलन्सला वाट दिली हे पण खरं आहे, आता साहेब लोकांनी ठरवावं यातला आमचा कल कोणता. ते शब्द मी जसेच्या तसे घातलेत.

सही त्यांनी स्वतःची केली. माझी दुसऱ्या पत्रावर वेगळी केली कारण वकील साहेबांनी सांगितलं होतं वेगवेगळी पाठवा. सकाळी रावेरला जाऊन रजिस्टर पोस्टाने टाकली, दोन्ही पावत्या आप्पांनी माझ्याकडून मागून घेतल्या आणि सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावल्या.

अजून दहा दिवस आहेत. त्या दिवशी निंबाखाली बसवलेल्या १७ जणांपैकी सहा जणांशी आज बोलले, दोघं तयार आहेत, एकाला लिहिता येत नाही तर मी लिहून देणार आहे, तो सांगेल तसं. यावल, चोपड्याकडचं कोणी असेल तर कळवा, मसुद्याची मराठी प्रत माझ्याकडे आहे, झेरॉक्स करून देते.